बुधवारी जिना चढणारा माणूस

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, जर्मन रेडिओतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी बरं म्हटलं. गमती नव्हत्या असं नाही, त्यातल्या काही पुढे लिहितोही. पण या धंद्याने माझ्याकडून जे घेतलं ते घेतलंच. ते वगळून नुसत्या गमती लिहायला बसलो तर तेही रेडिओसारखंच होईल, ऐकायला गोड आणि आत पोकळ. तेव्हा ज्यांना फक्त फराळाबरोबर चघळायला काही हवं असेल त्यांनी पुढचं पान उलटावं, मला राग नाही.

आधी धंदा सांगतो. मी म्युनिकच्या एका रेडिओ केंद्रात आवाज करायचो. आवाज म्हणजे गाणं किंवा बातम्या वाचणं नव्हे. नाटकात दार करकरतं, कप बशीवर टेकतो, पाऊस लागतो, घोडा थांबतो, कोणीतरी जिना चढतं, ते सगळं मी. नट हातात कागद धरून मायक्रोफोनसमोर खांबासारखा उभा असतो. तो "आलोच हं" म्हणतो आणि त्याच्या वतीने धावतो कोण, तर मी. माझ्या नातीला सांगितलं की आजोबांना चालण्याचा पगार मिळायचा, तर ती हसते आणि जर्मनमध्ये विचारते, मग बसण्याचा कोण देत होतं? तिला मराठी कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं. मीही आता तिला काही म्हणत नाही.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर मी मिरजेहून इथल्या तंत्र विद्यापीठात वीजविद्या शिकायला आलो. गणिताने मला दोनदा आपटलं आणि तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. रेडिओ केंद्राला एक मदतनीस हवा होता. वायरी ओळखता येतात का एवढंच विचारलं आणि ठेवून घेतलं. घरी कळवलं की रेडिओत नोकरी लागली. आईने गल्लीभर सांगितलं, आमचा मधू जर्मनीच्या रेडिओवर बातम्या देतो. ते खोडून काढायला मला जमलं नाही. मी तिथे वाटाणे चाळणीत फिरवून पाऊस पाडतो हे तिला कसं सांगणार होतो?

आमचा स्टुडिओ पाहिला तर वेड्याचं घर वाटेल. जमिनीचा एक तुकडा लाकडी, एक फरशीचा, एक गालिच्याचा, एका चौकटीत खडी भरलेली. मधोमध एक जिना. अर्ध्या बाजूने लाकूड, अर्ध्या बाजूने दगड, आणि वर गेलं की भिंत. नुसत्या चौकटीत बसवलेली दारं. बटाट्याच्या पिठाची कातडी पिशवी, ती दाबली की ताज्या बर्फावर पाऊल पडतं. आणि भिंतभर कपाट, त्यात फक्त पादत्राणं. नर्तकीचे, पाद्र्याचे, शिपायाचे, खाणकामगाराचे, श्रीमंत बाईचे, गरीब बाईचे. या कपाटाची किल्ली फ्राउ, म्हणजे श्रीमती, लेशनर यांच्याकडे असायची. त्या आवाज विभागाच्या प्रमुख, माझ्या गुरू. पन्नाशीच्या, बारीक, केस घट्ट मागे ओढलेले. मला त्या "हेर योशी" म्हणायच्या. हेर म्हणजे श्रीयुत, आणि जर्मन तोंडाला जोशी येत नाही म्हणून योशी. पुढे पुढे मीच फोनवर योशी म्हणायला लागलो.

तेव्हा टेलिव्हिजन मूठभरांकडे. रेडिओ मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात, फळीवर, विणलेल्या रुमालावर देवासारखा बसवलेला. दिवस उजाडायचा तो सकाळच्या व्यायामाने. व्यायामाचे मास्तर उत्साहाने ओरडायचे, उडी मारा, एक दोन, एक दोन. मास्तरांचा गुडघा निकामी होता, ते खुर्चीवर बसून कॉफी पीत ओरडायचे. उड्या माझ्या. सगळा बव्हेरिया माझ्या पायांच्या तालावर उडतोय असं मी कित्येक सकाळी मनाशी म्हणून घेतलं, आणि मग तापल्या अंगाने कोरडा पाव खाल्ला. त्यानंतर शेतकऱ्यांचा कार्यक्रम. त्यात मी कोंबडी केली तर एका शेतकऱ्याने कळवलं की तुमची कोंबडी आजारी आहे, खुराड्यातून वेगळी काढा. मग बायकांसाठी पाककृती, शाळांसाठी पाठ, दुपारी फर्माइशी, संध्याकाळी पोरांची गोष्ट, रात्री नाटक. एकदा हिंदुस्थानावर खास कार्यक्रम ठरला. दिग्दर्शक मला म्हणाले, तुमच्या गावच्या रस्त्याचा आवाज करा. मी सायकलची घंटी केली, टांगा केला, नळावर हंडा भरतानाचा आवाज केला. ते ऐकून त्यांनी मान हलवली. त्यांना माकडं हवी होती. मिरजेच्या बाजारपेठेत मी तासभर माकडं केली आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लोकांनी माझं अभिनंदन केलं की किती अस्सल.

दुपारी जेवणानंतर एक कार्यक्रम असायचा, त्यात मला काही काम नसे. युद्धातून न परतलेल्यांची नावं वाचायचे. नाव, गाव, शेवटचं पत्र कुठून आलं, कोणी काही पाहिलं असल्यास कळवावं. निवेदिकेचा आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट. कधी पोरांची माहिती असायची, स्वतःचं नावही न सांगता येणारी पोरं, फक्त हनुवटीवर व्रण आणि निळे डोळे. ते संपलं की लगेच वॉल्ट्झ. आमच्या बोळात स्पीकर होता. फ्राउ लेशनर त्या वेळी कपाट उघडून बूट पुसत बसायच्या. ल अक्षर जवळ आलं की फडकं थांबायचं. ते अक्षर गेलं की परत सुरू. मी कधी विचारलं नाही. जर्मनीत त्या दिवसांत प्रत्येक घरात असं काहीतरी होतं आणि विचारणारा परकाच ठरायचा.

आता बुधवार. दर बुधवारी संध्याकाळी एक कौटुंबिक मालिका लागायची, ट्रामच्या नोकरीतला बाप, आई, तीन पोरं. प्रत्येक भाग एकाच तऱ्हेने सुरू व्हायचा. बाप लाकडी जिना चढून घरी येतो, कुलपात किल्ली फिरवतो, टोपी खुंटीला अडकवतो आणि म्हणतो, मी आलो. "मी आलो" हे दोन शब्द म्हणणारा नट पगारात माझ्या दसपट होता. त्याच्या आधीचं सगळं माझं. मालिकेच्या पहिल्या तालमीला फ्राउ लेशनर यांनी कपाटाच्या तळातून एक जोड काढला. जाड तळव्याचे, टाचेला खिळे मारलेले, जुने पण तेल पाजून मऊ ठेवलेले. दोन मोज्यांवर मला नीट बसले.

मग त्यांनी मला चालायला शिकवलं. हे वाक्य लिहिताना मला अजून विचित्र वाटतं, पण खरं तेच आहे. मी जिना चढलो की त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

"नाही, हेर योशी. डावा पाय उशिरा येतो. आणि जड येतो."

"थकलाय का तो?" मी विचारलं.

"थकलेला नाही. खांद्यावर ओझं आहे. जिन्याच्या मध्यावर क्षणभर थांबतो, पट्टा सावरतो आणि मग वर येतो."

ट्रामच्या कारकुनाच्या खांद्यावर कसलं ओझं, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं ही कलेची खोली असेल. पंधरा दिवस आम्ही तेच घासत होतो. मला घरी जाताना, ट्रामच्या थांब्यावर, माझ्या भाड्याच्या खोलीच्या जिन्यावर सराव करायला सांगितलं होतं आणि मी इमानेइतबारे केला. शेवटी एके दिवशी मी वर पोचलो, मागे वळून पाहिलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या. "गेनाऊ," एवढंच म्हणाल्या. म्हणजे अगदी तस्सं. त्यानंतर कित्येक वर्षं दर बुधवारी मी तस्संच चाललो.

मालिका तुफान गाजली. लोकांना तो बाप खरा वाटायचा. त्याच्यासाठी मोजे यायचे, खोकल्याचा काढा यायचा. एक दिवस इंगोलश्टाटहून एक चांभार दारात हजर, हातात नव्या टाचा. म्हणाला, तुमच्या बापाची डावी टाच झिजली आहे, मला दर बुधवारी ऐकू येतं आणि जेवण जात नाही, फुकट बसवून देतो. आम्ही सगळे हसलो. फ्राउ लेशनर हसल्या नाहीत. त्यांनी बुटांचा जोड छातीशी धरला आणि चांभाराला सांगितलं की ही टाच कोणी बदलायची नाही. इतक्या जोरात, की बिचारा टोपी काढून माफी मागून गेला. त्या संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. बूट गेओर्गचे. गेओर्ग त्यांचा नवरा, रेगेन्सबर्गजवळच्या एका खेड्यातला पोस्टमन. लढाईवर जाताना सरकारी बूट मिळाले, म्हणून हे घरी राहिले. पूर्वेच्या आघाडीवरून एक पत्र आलं, मग काही नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. पत्रांची पिशवी वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर, म्हणून ती चाल.

"माणूस काय घालायचा, काय खायचा हे मी विसरायला लागले होते," त्या म्हणाल्या. "चाल तेवढी आठवत होती. ती कुठेतरी ठेवायला हवी होती."

म्हणजे मी नट नव्हतो, कारागीरही नव्हतो. मी त्या बाईंची फळी होतो, वस्तू ठेवायची. पण मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट अभिमान वाटला की एवढ्या मोलाची वस्तू माझ्याकडे ठेवली.

गोष्ट इथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण त्या खेड्यात गेओर्गची आई होती. ओमा लेशनर, ओमा म्हणजे आजी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. दिवसभर रेडिओच्या शेजारी बसायची. मालिकेचा पहिलाच भाग ऐकून ती सुनेला म्हणाली, हा बाप आपल्या गेओर्गसारखा चालतो. काही महिन्यांनी म्हातारी म्हणाली, सारखा नव्हे, तोच आहे. म्युनिकला असेल, डोक्याला मार लागून आपलं घर विसरला असेल, म्हणून दर बुधवारी दुसऱ्यांच्या घरी जातो. हसू नका. रोज दुपारी तीच रेडिओपेटी तिला सांगत होती की अशी माणसं सापडतात. मग संध्याकाळी तिला सापडला तर चूक कोणाची?

सुनेने खरं सांगितलं. अगदी स्पष्ट सांगितलं की ते बूट आपणच नेले आहेत आणि त्यात एक इंडियन चालतो. म्हातारी खो खो हसली. इंडियन लोक अनवाणी चालतात, मला काय वेडी समजतेस, म्हणाली. एकदा फ्राउ लेशनर यांनी एका भागासाठी मला दुसरे बूट दिले, साधं चालायला लावलं. केंद्रावर तक्रारींचा ढीग पडला आणि तिकडे म्हातारीने जेवण सोडलं. पुढच्या बुधवारी गेओर्ग परत जिना चढला.

यात अडकून पडल्या त्या फ्राउ लेशनर. आमच्या केंद्राची बाहेरच्या ध्वनिमुद्रणाची गाडी चालवायचे ते हेर क्राउस. विधुर, अबोल, रोज बाईंसाठी थर्मासात कॉफी आणणारे. दोघांनी लग्न करायचं म्हटलं तर आधी गेओर्गला कोर्टाकडून मृत जाहीर करून घ्यायला हवं. बायकोने एकटीने अर्ज केला तरी चालत होतं. पण म्हातारी गावभर सांगत होती की गेओर्ग जिवंत आहे, मी दर बुधवारी ऐकते, आणि ही त्याला मारायला निघाली आहे. सासूला सोडून देणारी बाई ही नव्हती. दर पंधरवड्याला त्या रेल्वे आणि पुढे बस करून जायच्या, म्हातारीची नखं कापून यायच्या. हेर क्राउस थांबले होते, पण त्यांचंही वय थांबणार नव्हतं.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. आमच्याकडे दर रविवारी दुपारी बाराला एकेका खेड्याच्या चर्चच्या घंटा लावायची प्रथा होती. गावाचं थोडं कौतुक आणि मग घंटा. त्यासाठी गाडी आधीच आठवड्यात जाऊन मुद्रण करून यायची. बाईंनी यादीत त्या गावाचा नंबर लावून घेतला. ठरलं असं की हेर क्राउस गाडी चालवतील, मी मायक्रोफोन लावीन आणि घंटांचं काम झालं की मी म्हातारीच्या स्वयंपाकघरात गेओर्गचे बूट घालून चालून दाखवीन. तिने हाताने मला चाचपावं आणि एकदाची खात्री करून घ्यावी. मला हे पटलं नव्हतं. पण गुरूंनी कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

शरदाचे दिवस होते. बटाटे काढून झाले होते, शेतांतून जाळलेल्या पाल्याचा वास येत होता. चर्चच्या समोरच म्हातारीचं घर, दाराला दगडी पायऱ्या. बाई बुटांची कागदी पिशवी घेऊन आत गेल्या. मी अंगणात मायक्रोफोन उभा केला. बारा वाजायला आले आणि माझ्या लक्षात आलं की म्हातारीच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येतोय. हळूच होता, पण मायक्रोफोनला तेवढंही पुरतं. तो बंद करा सांगायला मी निघालो. केबलचं रीळ खांद्यावर तसंच होतं. पायात माझेच बूट, रबरी तळव्याचे, सेलमध्ये घेतलेले. डोक्यात फक्त घंटा.

पायऱ्यांच्या मध्यावर खांद्यावरचं रीळ घसरलं. मी थांबून ते सावरलं आणि वर गेलो.

आतून रेडिओ बंद झाल्याचा खटका ऐकू आला. मग म्हातारीचा आवाज, अगदी रोजचा, किंचित कावलेला.

"पाय पुसून आत ये, गेओर्ग."

मी दारात उभा राहिलो. फ्राउ लेशनर टेबलाशी उभ्या होत्या. कागदी पिशवी त्यांच्या हातात बंदच होती. त्यांनी अजून काही सांगितलंही नव्हतं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. तेव्हा मलाही कळलं. बूट कशाला हवे होते? इतक्या वर्षांत मी त्यांच्यावाचूनही तसाच चालत होतो. रस्त्यावर, बाजारात, स्वतःच्या खोलीत. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मला आधीपासून ओळखणारं इथे कोणी नव्हतंच.

"आई, हे हेर योशी," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना."

म्हातारी उठली. हात पुढे करून आली. आधी माझे केस, मग कपाळ, नाक, गळपट्टी, खांद्यावरचं रीळ. हात थंडगार होते आणि त्यांना कांद्याचा वास होता. तिने मला चालायला सांगितलं. मी दारापासून चुलीपर्यंत गेलो आणि परत आलो. मी मुद्दाम वेगळं चालायचा प्रयत्न केला, पण वेगळं कसं चालतात हे मला आठवेना. ती मान कलती करून ऐकत होती.

"तुझी आई आहे?" तिने विचारलं.

"आहे. फार लांब."

"ती ओळखते का तुला, पावलांवरून?"

मी भाबडेपणाने हो म्हटलं. सांगितलं की शाळेतून येताना मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो की आई न बघता तवा चढवायची, पाठ दाराकडे असायची तरी दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी कधी चढवला नाही. म्हातारीने ते सगळं ऐकून घेतलं.

"मग माझ्या मुलाची चाल इथे ठेव," ती म्हणाली, "आणि जा."

बाहेर घंटा सुरू झाल्या. हेर क्राउस यांनी गाडीतून मशीन चालू केलं होतं, त्यामुळे मुद्रण उत्तम झालं. चारही घंटा वाजून संपल्या. शेवटी म्हातारी सुनेला म्हणाली, "तू सांगितलं होतंस, खरं आहे. सांगायला हरकत नव्हती. दाखवायला नको होतंस."

तो कार्यक्रम एका रविवारी लागला. निवेदकाने गावाच्या शांततेचं वर्णन केलं आणि आमच्या साहेबांनी मुद्रणाची तारीफ केली. म्हातारीने ते ऐकलं नसणार. तिने रेडिओ त्याच आठवड्यात शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. गावात सांगितलं की गेओर्ग गेला, मी खात्री करून घेतली. कोर्टाचं काम मग सरळ झालं. फ्राउ लेशनर या फ्राउ क्राउस झाल्या. पण म्हातारीने त्यांना पुन्हा घरात घेतलं नाही. त्या पंधरवड्याला जायच्या, पायरीवर भाज्यांची टोपली ठेवायच्या आणि परत यायच्या. तिसऱ्या हिवाळ्यात म्हातारी गेली. बाईंना अंत्यविधीनंतर कळवलं. लग्नानंतर त्यांनी नोकरी सोडली होती. शेवटच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी कपाटाच्या तळाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ते राहू द्या, मला घरी नेता येणार नाहीत. माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. एखाद्याने आपला मेलेला माणूस अंगावर चढवून हिंडावं, त्याच्याकडे तुम्ही तरी किती बघाल?

पुढचं थोडक्यात. नवे साहेब आले, हिशेबी आणि हसरे. प्रत्येक नाटकाला नव्याने चालायचं म्हणजे उधळपट्टी, म्हणाले. मला दोन दिवस सगळ्या बुटांतून सगळ्या फरश्यांवर चालवलं, ते टेपवर घेतलं आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. गेओर्ग ज्या डब्यात गेला त्यावर लिहिलं, पुरुष, लाकडी जिना, दमलेला. बुटांचं कपाट रिकामं झालं, मला टेपांच्या कोठारात बसवलं. टेलिव्हिजन वाढला तशी बुधवारची मालिकाही आटोपली. एका रविवारी मी घरी बटाटे सोलत असताना रेडिओवर एक रहस्यनाटक लागलं होतं. खुनी जिना चढत होता. डावा पाय उशिरा, जड, मध्यावर थांबला, पट्टा सावरला. मी उठून रेडिओ बंद केला. गावात चाळीस घरांची पत्रं वाटणारा माणूस, सापडला तो असा.

मी चाल बदलायचा खूप प्रयत्न केला. ईझार नदीच्या काठाने तासन् तास, मोजून, मुलाला शिकवावं तसा. लक्ष दिलं की जमायचं, लक्ष उडालं की गेओर्ग यायचा. वैद्याला दाखवलं, त्याने पाय तपासले आणि म्हणाला, पाय उत्तम आहेत. बुटांसारखी हातात धरता येणारी वस्तू ठेवून जा म्हणणं सोपं असतं. चाल कुठे ठेवणार होतो?

साठच्या दशकाच्या अखेरीस मी पहिल्यांदा मिरजेला परत गेलो. आईला मुंबईहून कळवलं होतं की परवा येतो, आणि पुण्याला लगेच जुळणारी गाडी मिळाल्याने आदल्या दिवशीच दुपारी पोचलो. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ. खरं सांगायचं तर मला तो जुना खेळ खेळून बघायचा होता. सगळ्या प्रवासात तोच विचार होता, की मी गल्लीच्या तोंडाशी पोचेन आणि आत तव्याचा आवाज होईल. आईला मोतीबिंदू झाला होता, शस्त्रक्रिया व्हायची होती, म्हणजे तीही आता कानांनीच बघत होती. माझी धाकटी बहीण शालू तिच्याजवळ राहायची.

गल्ली तीच होती, नळही तोच. मी बॅग डाव्या खांद्याला लावली आणि निघालो. उन्हात कोणी नव्हतं, त्यामुळे माझी पावलं भिंतींवरून स्पष्ट ऐकू येत होती. मी ती ऐकली आणि मान खाली घातली. घराच्या पायऱ्या चढताना मध्यावर थांबलो, पट्टा सावरला, वर आलो. दार उघडं होतं. आई आतल्या खोलीत पाठमोरी बसून गहू निवडत होती. तिने हात थांबवले, मान कलती केली आणि कान दिला.

मग तिने वळून न बघता आत हाक मारली, "शालू, पोस्टमन आलाय दारात. बघ जरा, मधूचं पत्र असेल."